ईदीचा रुपया आणि न संपणारा खेळ

१९९५ सालची रमजान ईद आम्हाला अजून आठवते. ईदगाहवरून परतायचे, अम्मीच्या हातचा शीरखुर्मा घाईघाईने पोटात ढकलायचा आणि मोहल्ल्यात घरोघर सलाम करत फिरायचे. चाचा, मामू, खाला, फुप्पी यांच्याकडून दोन, पाच, फार तर दहा रुपये ईदी मिळे. जोहरच्या सुमारास नव्या कुर्त्याचे खिसे जड झालेले असत. मग आम्ही भावंडे मोठ्यांची नजर चुकवून एसटी स्टँडमागच्या गल्लीत शिरायचो. तिथे पत्र्याच्या एका गाळ्यात चार यंत्रे होती. दाराला मळका पडदा, आत अंधार, घामाचा आणि विडीचा वास, आणि त्या अंधारात चार पडद्यांचा रंगीत उजेड. एक रुपयाला एक टोकन. गावात त्याला 'व्हिडिओ गेम पार्लर' म्हणत.

त्या गाळ्यातला सर्वांत लाडका खेळ म्हणजे 'मुस्तफा'. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' आहे, तो जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली आणला आणि मार्क शुल्झ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथेवर तो बेतलेला आहे, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. खेळात चार वीर होते. त्यांतला पिवळ्या टोपीचा, सर्वांत चपळ असा मुस्तफा कैरो आमच्या मुलखातल्या पोरांना एवढा आवडला की साऱ्या खेळालाच त्याचे नाव पडले. देशात इतर ठिकाणीही हेच घडले होते. आमच्याबरोबर सुतारआळीतली, कुंभारवाड्यातली पोरे असायची आणि 'मुस्तफा मी घेणार' यावरून रोज भांडणे व्हायची. ज्याला मुस्तफा मिळत नसे तो हिरमुसून दुसरा कोणी तरी घेई. ते दिवस कसे होते हे आमच्या पिढीला सांगायला नको. त्या दिवसांतही गावातली सगळी पोरे मुस्तफा होण्यासाठी धडपडत होती.

पण टोकन टाकल्यापासून तीन-चार मिनिटांत मुस्तफा आडवा व्हायचा. पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू व्हायचे : दहा, नऊ, आठ. शून्याच्या आत दुसरे टोकन टाकले तर मुस्तफा उठून उभा राही. त्या दहा सेकंदांत आमची ईदी गेली. घरी आल्यावर अब्बा एवढेच विचारत, "सब पैसे डब्बे में डालके आए क्या?" आम्ही मान खाली घालत असू. हात कच्चा म्हणून आपण हरतो, अशीच आमची समजूत होती.

व्हिडिओ गेमचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ही समजूत सुटली. या खेळांच्या बदलाची कथा बहुधा चित्रे किती सुंदर झाली, यंत्रे किती वेगवान झाली, अशी सांगितली जाते. ते खोटे नाही. पण खेळ कधी संपणार हे चित्रांनी ठरवलेले नाही. ते पैसा कोणत्या वाटेने येतो यावर ठरत आले. आमचा मुस्तफा तीन मिनिटांत का मरायचा याचे उत्तर त्या वाटेवर आहे. तीच वाट आपण या लेखात धरू.

वाटेच्या सुरुवातीला पैसा नव्हताच. १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम हे शास्त्रज्ञ काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केले होते आणि पुढे अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या संस्थापकांत ते होते. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी विद्युतलहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या गोल काचेवर टेनिस मांडले. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली छोटी उभी रेघ म्हणजे जाळी आणि उड्या मारणारा एक ठिपका म्हणजे चेंडू. लोकांनी रांगा लावल्या. हिगिनबॉथम यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. पुढच्या वर्षाच्या प्रदर्शनानंतर यंत्र मोडून सुटे भाग दुसऱ्या कामाला लावले गेले.

त्यानंतर १९६२ साली एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' तयार केला. दोन अंतराळयाने, मध्ये एक तारा आणि त्या ताऱ्याचे ओढून घेणारे गुरुत्वाकर्षण. ज्या पीडीपी-१ संगणकावर तो चाले त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. असा संगणक विद्यापीठांकडे आणि मोठ्या संस्थांकडेच असायचा. खेळाची आज्ञावली मात्र ज्याला हवी त्याला फुकट मिळे. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात ती अशीच पसरली. खेळणारे थकले की खेळ थांबे.

पहिले नाणे पडले ते १९७१ साली. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 'गॅलक्सी गेम' नावाचे यंत्र बसवले गेले. एका खेळाला १० सेंट, तीन खेळांना २५ सेंट. विद्यार्थ्यांची झुंबड उडाली, पण आतला संगणक इतका महाग की खर्च भरून येणे कठीण. त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचे 'कॉम्प्युटर स्पेस' हे यंत्र बाजारात आले. आत पूर्ण संगणक न ठेवता फक्त लागतील तेवढीच सर्किटे ठेवायची, म्हणजे यंत्र स्वस्त पडते, ही त्यांची युक्ती. १९७२ साली या दोघांनी अटारी कंपनी काढली आणि ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरला सरावासाठी म्हणून एक सोपा टेनिसचा खेळ बनवायला सांगितले. तोच 'पाँग'. त्याचा पहिला नमुना सनीव्हेल गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवला. थोड्याच दिवसांत यंत्र बिघडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी पेटी उघडली तर नाणी इतकी साचली होती की नवे नाणे आत जायला जागाच नव्हती.

या घटनेपासून खेळ बनवणाऱ्यांपुढे एक नवा हिशेब उभा राहिला. यंत्र एक, वेळ ठरावीक आणि रांगेत उभी माणसे पुष्कळ. एका नाण्यावर कोणी तासभर खेळत राहिला तर दुकानदार बुडाला. म्हणून खेळ पहिल्या मिनिटाला सोपा हवा, म्हणजे नवख्याला गोडी लागेल, आणि तिसऱ्या मिनिटाला अवघड हवा, म्हणजे तो बाजूला होईल. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ला हा हिशेब अपघाताने साधला. पडद्यावर शत्रूंच्या रांगा असत आणि ते सगळे एकदम रेखाटताना यंत्राची दमछाक होई. शत्रू मरत गेले की काम हलके होई आणि उरलेले शत्रू वेगाने धावू लागत. निशिकादो यांना हा दोष आवडला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. जिंकण्याच्या जवळ जावे तसतसा खेळ कठीण होत जाणे ही पुढे रीतच झाली. या खेळामुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला अशी कथा सर्वत्र सांगतात. ती दंतकथाच, पण कोणत्या गोष्टीभोवती दंतकथा तयार व्हावी हेही बोलके आहे.

यंत्रांच्या पोटात छोटे खटके असत. दुकानदाराने मागचे दार उघडून ते वर-खाली केले की खेळ सोपा किंवा अवघड होई, जीव तीनचे दोन होत. आमच्या गाळ्याचा मालक रात्री मशिनीत काही तरी करतो, असा पोरांना संशय होता. त्याने कधी केले की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. तशी सोय यंत्रात होती हे मात्र खरे. आमचा मुस्तफा तीन मिनिटांत मरायचा तो त्या हिशेबाने.

१९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' केला. अंतराळातल्या गोळीबाराला कंटाळलेल्या इवातानींना स्त्रियांनाही आवडेल असा खेळ हवा होता, म्हणून त्यांनी खाण्याची कल्पना घेतली. या खेळाला शेवट ठेवलेलाच नव्हता. कोणी इतका वेळ टिकेल हे कोणाच्या मनातही आले नसावे. पण काही जण टिकले आणि २५६ व्या पायरीवर पोहोचले. यंत्राची मोजणी २५५ पर्यंतच जात असल्याने तिथे अर्धा पडदा अक्षरा-आकड्यांच्या कचऱ्याने भरून गेला. माणूस हरण्याऐवजी यंत्रच हरले.

दरम्यान दुसरी वाट घरात शिरली होती. लहानपणी नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटून अमेरिकेत आलेले राल्फ बेअर यांनी घरातल्या टीव्हीला जोडता येईल असा खेळ तयार केला. १९७२ साली तो 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' नावाने विकला गेला. त्याला रंग नव्हते आणि आवाजही नव्हता. रंगासाठी टीव्हीच्या काचेवर प्लास्टिकचे पारदर्शक कागद चिकटवावे लागत. १९७७ साली अटारीने कॅसेट बदलून अनेक खेळ खेळता येतील असे यंत्र आणले आणि ते घराघरांत गेले. आता पैसा एकदाच द्यायचा होता. हरल्यावर दुसरे नाणे टाकायचे नव्हते.

पण एकदाच पैसा मिळतो म्हटल्यावर विकणाऱ्याला कॅसेट खपवण्याची घाई झाली. खेळ चांगला आहे की नाही हे गिऱ्हाइकाला घरी नेल्यावरच कळे. १९८२ च्या नाताळासाठी स्पीलबर्ग यांच्या 'ईटी' सिनेमावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवड्यांत करावा लागला. दुकानांत असल्या मालाचे ढीग साचले आणि १९८३ साली अमेरिकेतला हा धंदा कोसळला. अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खोदकाम झाले तेव्हा 'ईटी'च्या कॅसेट खरोखरच वर आल्या. लोकांचा विश्वास त्या खड्ड्यात आधीच गेला होता.

तो विश्वास परत मिळवला निन्टेंडोने. १८८९ साली क्योतो शहरात पत्ते बनवण्यासाठी निघालेल्या या कंपनीने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणि दोन वर्षांनी अमेरिकेत त्याचे दुसरे रूप आणले. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा आठ दुनियांचा प्रवास होता. शेवटच्या किल्ल्यात राजकन्या सुटली की गोष्ट पुरी झाली. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या 'द लीजंड ऑफ झेल्डा'च्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी होती, तिच्या जोरावर अर्धवट खेळ लक्षात राही. आज जेवायला उठावे आणि उद्या तिथूनच पुढे जावे. पुस्तकात खूण घालून ठेवावी तसे हे होते. नाण्याच्या यंत्राला हे परवडले नसते.

आमच्याकडे हे सारे उशिरा आणि आडवाटेने आले. नव्वदीच्या दशकात आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या नातलगांच्या बॅगांतून आणि मुंबईच्या बाजारांतून फॅमिकॉमच्या नकला गावोगाव पोहोचल्या. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेले असे. आत खरे खेळ वीस-पंचवीसच, तेच पुन्हा पुन्हा नावे बदलून. तरी 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' त्यात असले की मोहल्ला खूश. लाइट गेली की मारिओ पहिल्या दुनियेत परत. पण त्या उन्हाळ्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. एक दिवस राजकन्या सुटते. खेळ संपतो. आणि संपल्यावर जे समाधान वाटते ते पार्लरमध्ये कधी वाटले नव्हते.

एवढ्यावर कथा थांबली असती तर बरे झाले असते. पण १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' आला, त्याचा पहिला तिसरा भाग फुकट वाटला गेला. आवडला तर पुढचा विकत घ्या. ही चव दाखवण्याची पद्धत प्रामाणिक होती. मग इंटरनेट आले. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये जगभरची माणसे एकाच काल्पनिक दुनियेत जगू लागली आणि महिन्याला सुमारे १५ डॉलर भरू लागली. मासिक वर्गणी आली तिथे शेवट गेला, कारण गोष्ट संपली तर वर्गणीही संपणार. एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले. खेळाडूंनी भरपूर टिंगल केली. पडद्यावरच्या घोड्याला खोटे चिलखत, त्याला खरे डॉलर! पण ते विकले गेले आणि साऱ्या धंद्याने ते टिपून ठेवले.

शेवटचे वळण मोबाईलचे. २००८ साली ॲपलने ॲपचे दुकान उघडले आणि ऑक्टोबर २००९ पासून फुकट ॲपच्या आतही वस्तू विकायला परवानगी दिली. २०१२ सालच्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव मिळत. ते संपले की एका जीवासाठी अर्धा तास वाट पाहायची, मैत्रिणीकडे मागायचा, नाही तर पैसे द्यायचे. हे आम्ही कुठे तरी पाहिले होते. दहा, नऊ, आठ मोजणारी ती पेटी आता उशाशी आली होती. फरक एवढाच की पार्लरला रात्री कुलूप लागत असे.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला. २०१८ साली 'पबजी मोबाइल' आला आणि गावातल्या कट्ट्यावरची पोरे माना खाली घालून बसू लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत हा खेळही होता. पुढच्या वर्षी तोच खेळ नवे नाव घेऊन परतला. दरम्यान पैसे लावून खेळायच्या रमीच्या आणि स्वप्नातल्या संघांच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या होत्या. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. बेल्जियमने २०१८ सालीच पैसे देऊन नशिबाची पेटी उघडण्याच्या प्रकाराला जुगार ठरवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराला जागा मिळाली. कायदे आपापल्या परीने धावत आहेत. पण बहुतेक फुकट खेळ जुगाराच्या व्याख्येत बसत नाहीत. ते फक्त संपत नाहीत.

इथे आमच्याच मनातली एक अडचण सांगितली पाहिजे. जुने ते सोने म्हणायला आम्ही तयार नाही. तो अंधारा गाळाही आम्हाला लुटतच होता. शिवाय त्या पडद्याच्या आत आमच्या बहिणी कधी आल्या नाहीत. इवातानींनी स्त्रियांसाठी म्हणून केलेला पॅक-मॅन कोपऱ्यातल्या यंत्रावर होता, पण गावातल्या एकाही मुलीने त्याचा दांडा धरलेला आम्ही पाहिला नाही. आमच्या ईदीइतकीच ईदी त्यांनाही मिळे. ती त्यांनी बांगड्यांवर आणि मेंदीवर खर्च केली, कारण दुसरा पर्याय कोणी दिला नाही. आज आमची आपा पन्नाशीला आली आहे. इशाची नमाज झाली की ती चष्मा लावून मोबाईलवर रंगीत गोळ्या जुळवते आणि आमच्यापेक्षा कितीतरी पुढच्या पायरीवर आहे. हा दरवाजा मोबाईलनेच उघडला. तो बंद करा असे सांगायला आम्ही कोण?

मागणी वेगळी आहे, आणि ती खेळ बनवणाऱ्यांनीही मान्य केलेली आहे. व्हिएतनाममधल्या हनोईत डोंग ग्वेन या तरुणाने 'फ्लॅपी बर्ड' हा साधा खेळ एकट्याने केला होता. तो जगभर गाजला, पैसा वाहू लागला. लोकांना त्याचे व्यसन लागते आहे असे म्हणत फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो स्वतःच काढून घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' आणला. एका लहान मुलीची ती गोष्ट. एकदा विकत घ्यायची आणि काही तासांत पुरी होणारी. आणि १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी केलेला 'टेट्रिस' घ्या. ठोकळे पडतच राहतात, त्याला शेवट नाही असे जग मानत होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावर तो इतका खेळला की पडदा गोठला. त्या पोराचा आनंद चित्रफितीत पाहण्यासारखा आहे. शेवट नसलेल्या खेळालाही त्याने शेवट दिला होता.

गेल्या ईदेला आमच्या भाच्याला आम्ही ईदी दिली. त्याने नम्रपणे सांगितले, "मामू, नोट नको, मोबाईलवर टाका." आम्ही शंभर रुपये पाठवले. संध्याकाळी विचारले तर त्यातून पडद्यावरच्या शिपायासाठी नवा अंगरखा घेऊन झाला होता. अब्बांचा जुना प्रश्न आमच्या ओठांवर आला, पण आम्ही तो गिळला. त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, खेळून दाखव. त्याने खूप हौसेने दाखवले. अर्ध्या तासाने आम्ही विचारले, "हा संपतो कधी?"

भाच्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले. "संपायला कशाला पाहिजे?" तो म्हणाला.

त्या रात्री आम्ही त्याला मुस्तफाची गोष्ट सांगितली, राजकन्या सुटल्याचा तो उन्हाळाही सांगितला. दुसऱ्या दिवशी जुन्या ट्रंकेतून '९९९९ इन १'ची कॅसेट त्याने शोधून काढली आणि तिला चालवणारे यंत्र कुठे मिळेल असे विचारू लागला. आम्ही शोधात आहोत.